बाथरूमच्या भिंतीला चिकटणारा बेडूक विषारी असतो का? तो घालवायचा कसा?

नाही, विषारी नाही. बोटांच्या टोकांना टिकल्या, रंग पिवळसर तपकिरी, दिवसभर नळाजवळ मुक्काम असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हा आपला साधा झाडबेडूक, पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. मांडीच्या मागच्या बाजूला काळपट कातडीवर पिवळे ठिपके दिसले की शंकाच नको.

पण 'अंगावर मुतला तर डोळे जातात' हे तुमच्या शेजाऱ्यांचं वाक्य वाचलं आणि आमचे मोठे काका आठवले. खानदेशात, चोपड्याकडे आमची केळीची बाग आहे. मृगाचे पाऊस झाले आणि विहिरीजवळच्या हौदाच्या भिंतीवर, पाण्याच्या हातभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला. "कोनी तरी करनी करेल शे, फेकी दे ते!" म्हणत काका फावडं घेऊन निघाले. मी आडवा झालो. करणी कसली, याच बेडकाचं घरटं होतं ते! मादी अंडी घालताना अंगातून द्रव सोडते आणि मागच्या पायांनी ताक घुसळावं तसा घुसळून त्याचा फेस करते. वरचा थर वाळतो, आत अंडी ओली राहतात. काही दिवसांनी पिल्लं सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात, म्हणून जागा पाण्यावरचीच निवडलेली असते. ती पडताना काकांना उभं करून दाखवली. तरी गावभर सांगत फिरले की हौदाचं पाणी नासलं. आमचे बैल त्याच हौदावर प्यायचे, एकालाही काही झालं नाही. पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात असंही लोक ठोकून देतात. ती मुख्यतः शेवाळ खरवडतात.

बाथरूमच का, तर आपला मे महिना. पारा ४५ च्या आसपास. हा बेडूक अंगावरचा चिकट स्राव पायांनी अंगभर पुसतो, त्याने पाणी कमी उडतं, तरी ओलावा लागतोच. मग केळीच्या सोपटात, म्हणजे खोडावरच्या सालपटांच्या आत, बसतो, नाहीतर तुमच्याकडे.

घालवायचाच तर ओल्या हाताने उचलून संध्याकाळी बाहेर सोडा, खिडकीला जाळी बसवा. मीठ, फिनाईल टाकू नका, त्याच्या कातडीतून सगळं आत जातं. आमच्या घरी हेच व्हायचं, कोण करायचं ते सांगत नाही.

हां, पिण्याच्या टाकीत शिरला असेल तर काढा आणि झाकण घट्ट लावा. हाताळल्यावर हात धुवा, कारण स्राव डोळ्यांत गेला तर झोंबतो. झोंबणं म्हणजे आंधळं होणं नव्हे. काका हे वाचत असतील तर हे वाक्य त्यांनी दोनदा वाचावं.