तरुण ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची कक्षा सरळ आहे की कललेली, हे कसं मोजतात? आणि त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितेय. कुणी कल (म्हणजे ताऱ्याचं विषुववृत्त आणि ग्रहाची कक्षा यांतला कोन) मोजलाय म्हणाला की मी आधी विचारते, ग्रह ताऱ्यासमोर यायच्या आधी आणि गेल्यावर किती तास निरीक्षण केलंत? उत्तर 'फारसं नाही' असेल तर तो आकडा मी बाजूला ठेवते.

मोजायची युक्ती 1924 ची, रॉसिटर आणि मॅकलॉफ्लिन या खगोलशास्त्रज्ञांची. त्यांनी ती जोडताऱ्यांवर दाखवली, ग्रहावर ती पहिल्यांदा 2000 साली चालली. तारा स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. ग्रहाने येणारी कड झाकली की वर्णपट थोडा लालकडे सरकतो, जाणारी झाकली की निळ्याकडे. या सरकण्यावरून काढलेल्या वेगाच्या आलेखात आधी कुबड आणि मग तेवढाच खड्डा आला तर कक्षा सरळ. आधी खड्डा मग कुबड, तर ग्रह उलटा फिरतोय. आणि ग्रह ताऱ्याच्या मधोमध जात असूनही दोन्ही बुटके निघाले, तर तो विषुववृत्ताला धरून न जाता ध्रुवांच्या बाजूने चाललाय.

या 'बुटक्या'नेच माझं एक वर्ष खाल्लं.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला एका तरुण ताऱ्यासाठी दुर्बीण मिळाली. तारा चार दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारणारा, अंगावर मोठाले डाग, अधिक्रमण (ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं) तीन तासांचं. मी अर्जात आधी दोन तास आणि नंतर दोन तास मागितले होते. सरांनी ते खोडले. म्हणाले, "ग्रह समोर नसताना तारा बघून काय मिळणार? तेवढ्या वेळात दुसरा तारा होईल." मी वाद घातला, पण दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचं कोण ऐकतं.

ती रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. पंधरा-पंधरा मिनिटांचं एक्स्पोजर, मध्ये मोजपट्टी म्हणून थोरियम-अर्गॉन दिव्याचा वर्णपट, आणि स्क्रीनवर एकेक ठिपका. प्रत्येकावर सेकंदाला दहा मीटरची एरर बार, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता. कुबड वीस मीटरचं यायला हवं होतं, आलं जेमतेम दहाचं. खड्डाही तसाच. गणित म्हणालं, कल साठ अंश. सर खूश, शोधनिबंधाचा मसुदा सुरू.

मला डागांमुळे येणारा चढ-उतार खुपत होता. तीन तासांत तो तारा अकरा अंश वळतो, म्हणजे डागही तेवढे सरकतात, आणि ग्रहासारखेच वर्णपट हलवतात. या ताऱ्याचा वेग डागांमुळे सेकंदाला दीडशे मीटर वरखाली व्हायचा. हिशेब केला तर नुसत्या डागांनी त्या तीन तासांत तीस मीटरचा चढ येऊ शकत होता. ग्रहाची खूण वीसची, डागांचा चढ तीसचा! तो चढ कुबड दाबतो आणि खड्डा भरतो. आधीचे-नंतरचे तास हातात असते तर त्याची दिशा कळली असती आणि तो वजा करता आला असता. त्या मोजक्या ठिपक्यांत चढ कुठला आणि ग्रह कुठला, हे वेगळं करायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

पुढच्या हंगामात मी दुसरीकडून वेळ मिळवला, पूर्ण सात तास. या वेळी डागांचा उतार उलट्या दिशेने होता आणि तो लांबून स्वच्छ दिसत होता. तो काढल्यावर कुबड वीस, खड्डा वीस. कक्षा सरळ. मसुदा मागे घेतला. सरांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

म्हातारे तारे सोडून तरुणांच्याच मागे का लागायचं? तर ताऱ्याला खेटून फिरणारा मोठा ग्रह भरतीच्या ओढीने अब्जावधी वर्षांत ताऱ्यालाच आपल्या कक्षेशी जुळवून घेऊ शकतो. म्हणजे म्हाताऱ्या ताऱ्याकडे सरळ कक्षा दिसली तरी ती जन्मापासून तशी होती की नंतर झाली, कळत नाही. दोन-चार कोटी वर्षांच्या ताऱ्याला तेवढी सवड मिळालेली नसते. एयू मायक्रोस्कोपी, डीएस टुकॅनी, एचआयपी 67522 हे असेच तरुण तारे, आणि तिघांच्याही त्या जवळच्या ग्रहांच्या कक्षा सरळ निघाल्या. एयू मायक्रोस्कोपीच्या ग्रहाचं तर एकाहून जास्त गटांनी स्वतंत्रपणे मोजलंय, म्हणून त्यावर माझा भरवसा जास्त. यावरून हे ग्रह ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीतूनच शांतपणे आत सरकले असावेत किंवा तिथेच घडले असावेत, असं मला वाटतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: मोजला जातो तो कोन आकाशाच्या पटलावर दिसणारा. खरा कल काढायला ताऱ्याचा अक्ष आपल्याकडे किती झुकलाय हे लागतं, आणि त्यासाठी ताऱ्याची त्रिज्या, फेरीचा काळ आणि वर्णरेषांची रुंदी जुळवावी लागते. शिवाय मोजलेले तरुण तारे अजून मूठभरच आहेत. आणि सगळे सरळ नाहीत. केप्लर-63 चा ग्रह जवळजवळ ध्रुवांवरून जातो, आणि तो तारा सुमारे वीसच कोटी वर्षांचा. आपल्या सूर्याचं विषुववृत्तही पृथ्वीच्या कक्षेशी सात अंश तिरकं आहेच.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि अर्ज लिहीत असाल, तर आधीचे आणि नंतरचे तास मागा, आणि कुणी खोडले तर डागांचा हिशेब अर्जातच मांडून दाखवा. मी तेव्हा तोंडी बोलत राहिले. तो हिशेब अर्ध्या पानात मावतो.