टॉवर, जिना आणि गटार : मिश्र वापराच्या संकुलांविषयी वाचकांचे प्रश्न

लोअर परळला गिरण्यांच्या जागी घरं, ऑफिसं, मॉल सगळं एकत्र आलं. कामाजवळ घर, घराजवळ बाजार हे तर चांगलंच. मग तिथे एवढी कोंडी का?
– एक वाचक, ठाणे

मिश्र वापर गिरणगावाला नवा नव्हताच. गिरणीला लागून चाळ, चाळीखाली खानावळ, किराणा आणि पिठाची चक्की, दोन गल्ल्या सोडून शाळा. एके काळी अडीच लाखांच्या आसपास कामगार इथे होते आणि त्यातले बहुतेक भोंगा वाजला की पायी पाळीला जात. एवढं मनुष्यबळ रोज कामावर यायचं, तरी त्याचा मोठा भार स्टेशनवर पडत नव्हता.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. 58 गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन शहराच्या ऐन मध्यावर होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 चा गाभा साधा होता : जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एकतृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एकतृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त शेडखाली नसलेल्या, मोकळ्या जमिनीपुरती केली. याचा अर्थ हिशेबानेच कळतो. 10 एकरांच्या गिरणीत 8 एकरांवर शेड आहेत असं धरा. जुन्या नियमाने शहराला मोकळी जागा म्हणून सव्वातीन एकरांहून थोडे जास्त मिळाले असते. दुरुस्तीनंतर वाटणीला उरले 2 एकर आणि शहराचा वाटा एका एकराच्याही आत गेला. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि बांधकामांचा मार्ग मोकळा झाला.

त्याआधी 1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा विचार न करता एकत्र आराखडा करावा, असा त्याचा आग्रह होता. रस्ते, बागा आणि स्टेशनकडे जाणारे पादचारी मार्ग आधी आखून मग इमारती, हे तेव्हा करता आलं असतं. तसं झालं नाही. प्रत्येक गिरणीला स्वतंत्र परवानगी मिळाली, प्रत्येकीने आपली भिंत राखली आणि भिंतीबाहेरचा रस्ता होता तेवढाच राहिला. आमच्या मते कोंडीचं मूळ इथे आहे, उंच इमारतींत नाही.

आता माणसांचं पाहू. घरं आली, पण तिथल्या ऑफिसांत काम करणाऱ्या बहुतेकांना ती परवडणारी नव्हती. ते विरार, कल्याण, पनवेलहून येतात. पाळ्यांमुळे पूर्वीची गर्दी दिवसभरात विभागली जायची, ती आता सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांत लोटते. याच भागातल्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद जिन्यावर 29 सप्टेंबर 2017 ला चेंगराचेंगरी होऊन 23 जण गेले. पाऊस पडत होता, खाली उतरायला लोक धजत नव्हते आणि मागून गाड्या माणसं ओततच होत्या. मंजूर केलेल्या प्रत्येक चौरस मीटर ऑफिसामागे किती माणसं त्या जिन्यावरून उतरणार, हे गणित परवानगी देतानाच मांडायला हवं होतं.

आमच्या शहरात मध्यवस्तीतल्या बंद कारखान्याच्या जागेवर दुकानं, ऑफिसं आणि पाचशे फ्लॅट असं संकुल येतंय. नागरिकांनी काय तपासावं आणि हरकत केव्हा घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

वेळेचं आधी सांगतो, कारण तिथेच चूक होते. पाया खणायला लागल्यावर बहुतेक दारं बंद झालेली असतात. महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जागेचा ठरवलेला वापर सांगणारा) आणि भाग नकाशा काढा. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होत असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार 30 दिवसांत हरकत नोंदवता येते. मंजूर आराखड्यात फेरबदल करून झोन किंवा आरक्षण बदलणार असतील तर कलम 37 खाली सूचना निघते आणि एक महिना मिळतो. जागा आधीपासूनच योग्य झोनमध्ये असेल, तर मात्र अशी सूचना निघतच नाही.

बांधीव क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. बांधकाम प्रकल्पांना त्यात जनसुनावणी नाही, हे अनेकांना माहीत नसतं. पण अर्ज आणि अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात. ते उतरवून घ्या. न मिळालेली कागदपत्रं माहिती अधिकारात मागा. हरकत भावनेवर लिहू नका. एका पत्रात चार मुद्दे, प्रत्येकासमोर अहवालाचं पान आणि तुम्ही जागेवर घेतलेलं माप, आणि खाली आवक शिक्क्याची पोच.

मापं कुठली? पहिलं रस्त्याचं. राज्याच्या एकत्रित नियमावलीत रस्ता जितका रुंद तितकं जास्त बांधकाम करता येतं. नकाशावर रस्ता 18 मीटरचा दिसतो आणि जागेवर टेप लावली की 11 भरतो, कारण रुंदीकरण कागदावरच असतं. टेप लावलेला फोटो जोडा.

दुसरं फाटकाचं. याकडे जवळजवळ कुणीच पाहत नाही. पार्किंगची संख्या सगळे मोजतात, पण गाड्या रस्त्यावर साचतात त्या फाटकाच्या वेगामुळे. तिकीट देऊन बूम (फाटकाचा आडवा दांडा) उघडायला एका गाडीला 10 ते 12 सेकंद लागले, तर एका मार्गिकेतून तासाला 300 ते 360 गाड्या आत जातात. संध्याकाळच्या एका तासात 450 येणार असतील तर पहिल्याच तासात किमान 90 गाड्यांची रांग तयार होते. एका गाडीला सहा मीटर धरले तरी ती अर्ध्या किलोमीटरहून लांब झाली. म्हणून बूम रस्त्यालगत नको. तो आवारात बराच आत हवा, येण्याच्या दोन मार्गिका हव्यात आणि मालाच्या टेम्पोंसाठी वेगळं फाटक हवं. वाहतूक अहवालातली मोजणी कुठल्या वारी, कुठल्या वेळी आणि शाळा सुरू असताना झाली की सुट्टीत, तेही बघा. मे महिन्यातली मोजणी असेल तर आठवड्याच्या मधल्या एका दिवशी पुन्हा मोजणी करा, अशी मागणी करा.

तिसरं पाण्याचं. माणशी रोज 135 लिटर आणि घरटी पाच माणसं धरली तर 500 फ्लॅटना रोज 3,37,500 लिटर लागतील. ऑफिसात माणशी 45 लिटर धरतात. यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं. ते संकुलातच शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरणार असतील तर घरोघरी दुहेरी नळजोडणी नकाशात दिसली पाहिजे. ती नसेल तर शुद्ध केलेलं पाणीही शेवटी तुमच्याच गल्लीतल्या गटारात येणार. त्या गटाराचा व्यास विचारा.

आमच्या चाळीच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर तीन मजली तळघराचं खोदकाम सुरू होणार आहे. चाळ जुनी, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) आहे. आम्ही काय करावं?
– एक वाचक, लालबाग

खोदकाम सुरू होण्याआधी चाळीची अवस्था नोंदवून ठेवा. प्रत्येक खोली, जिना, गॅलरी आणि बाहेरची भिंत यांचे तारखेसह फोटो काढा. प्रत्येक तड्याला नंबर द्या आणि त्याशेजारी पट्टी धरून रुंदी टिपा. विकासकाने दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांसमोर संयुक्त पाहणी करावी अशी लेखी मागणी करा. एक प्रत महापालिकेला आणि एक म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाला द्या. ही नोंद नसली की पुढे ‘तडे जुनेच होते’ हे उत्तर ठरलेलं.

मोठ्या तड्यांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा आणि वर तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी खोदकाम थांबवून तपासणी मागावी.

धोका दोन बाजूंनी येतो. आधाराची भिंत खड्ड्याकडे झुकली की मागची माती सरकते. आणि खड्डा कोरडा ठेवायला दिवसरात्र पंप चालले की आजूबाजूची भूजलपातळी खाली जाते, भरावाची माती दबते आणि उथळ पायाची चाळ असमान खचते. म्हणून आधाराची भिंत एकमेकींत गुंतलेल्या पाइल्सची (जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांची), पाणी अडवणारी आहे की फटी असलेली, हे विचारा. तुमच्या बाजूला पाणीपातळी मोजायची नळी आणि भिंतीवर पातळीखुणा बसवून घ्या. त्यांची आकडेवारी दर आठवड्याला चाळ समितीला मिळेल असं लेखी घ्या. पंपाचं पाणी गढूळ येत असेल तर ताबडतोब कळवा. पाण्याबरोबर तुमच्या पायाखालची माती निघून चालली आहे, असा त्याचा अर्थ.

खाली दुकानं आणि रेस्टॉरंट, वर फ्लॅट अशा इमारतीत घर घेतोय. करारापूर्वी काय पाहू?
– एक वाचक, पुणे

सगळ्यात आधी आग. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर आग लागून 14 जण दगावले. आडोशाला लवकर पेटणारं साहित्य होतं, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या आणि अनेक जण धुरात गुदमरले. मंजूर नकाशा घेऊन जिने मोजा. फ्लॅटचा जिना रेस्टॉरंटच्या मजल्यावर उघडत असेल तर मध्ये आग रोखणारा दरवाजा आहे का आणि तो आपोआप बंद होतो का, ते हाताने ढकलून पाहा. इमारत वापरात असेल तर दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं ‘ब’ नमुन्यातलं अग्निसुरक्षा प्रमाणपत्र मागा.

स्वयंपाकघराच्या धुराचा डक्ट थेट गच्चीच्या वरपर्यंत गेलेला हवा. तो मधल्याच मजल्यावर उघडला असेल तर वास आणि तेलकट काजळी तुमच्या खिडकीत येणार. डक्टला साफसफाईची झडपं नसली की आत तेल साचतं आणि तेच पेटतं.

करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात : दुकानांचे वीज-पाण्याचे मीटर वेगळे आहेत, त्यांचा कचरा आणि मालाची चढउतार कुठून होते, आणि देखभाल खर्च कुठल्या सूत्राने वाटला जातो. सेंट्रल एसी आणि सरकते जिने दुकानांचे आणि बिल सगळ्यांचं, असं होऊ नये. महारेरा नियमांनुसार 51 टक्के खरेदीदारांनी बुकिंग केल्यापासून तीन महिन्यांत सोसायटी स्थापनेचा अर्ज विकासकाने करायचा असतो. दुकानदार आणि रहिवासी यांची एकच सोसायटी होणार की दोन, आणि पोडियमची (टॉवरांखालच्या सामायिक चौथऱ्याची) मालकी कुणाकडे राहणार, हे बुकिंगच्या दिवशीच लेखी घ्या.