मेनूत प्रत्येक भाषेचं वळण वेगळं का?

प्रश्न : सर, देगलूरला आमचं डीटीपीचं दुकान आहे, मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही भाषांत लग्नपत्रिका करतो. कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तर फाईलींच्या नावात मराठी बारीक, तेलुगू एकदम ठळक अन् उर्दू भलत्याच वळणात दिसायलीय. एकसारखं कसं करू?

उत्तर : दादा, एका फॉन्टमध्ये सगळ्या लिप्या नसतात, म्हणून ज्या लिपीला जो फॉन्ट हाताशी लागेल तो सिस्टिम उचलते, आणि ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात केलेले, मग जाडी-उंची जुळणार कुठून? लिनक्समध्ये ही निवड फॉन्टकॉन्फिग नावाचं सॉफ्टवेअर करतं. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गूगलचे नोटो फॉन्ट, फुकट आहेत आणि सगळ्या लिप्या शेजारी-शेजारी शोभाव्यात म्हणूनच केलेत. फेडोरा या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२२ साली ३६व्या आवृत्तीत बऱ्याच भाषांना नोटोच डिफॉल्ट केला, मला तो निर्णय मनापासून पटला. तुम्ही देवनागरी आणि तेलुगूचे नोटो सान्स टाका, फॉन्टकॉन्फिगच्या सेटिंगमध्ये ते पहिल्या नंबरवर लिहा.

उर्दूचं मात्र वेगळं आहे बरं का. आपल्याकडच्या उर्दू वाचणाऱ्याला नस्तालीक हेच वळण लागतं, पण त्यातली अक्षरं तिरकी खाली उतरत जातात, ओळीला जास्त उंची लागते अन् मेनूत ती वरखाली कापली जाऊ शकतात. म्हणून मेनूला नस्ख, म्हणजे त्याच लिपीचं सरळ ओळीतलं वळण, राहू द्या, पत्रिकेला नोटो नस्तालीक उर्दू वापरा. आणि मराठी मजकुराची भाषा मराठीच लावा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात, पत्रिकेवर ते लगेच डोळ्यात खुपतं.