पीपीटी सगळ्यात शेवटी उघडा

यावेळची पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त शाळेच्या प्रोजेक्टवरचीच निघाली, त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न: मी आठवीला विज्ञान शिकवते. प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन म्हटलं की मुलं नेटवरून अख्खे पॅरेग्राफ उचलून स्लाइडवर चिकटवतात आणि वर्गाकडे पाठ करून तेच वाचून दाखवतात. वाचतानाही अडखळतात, म्हणजे आधी स्वतः वाचलेलंच नसतं. काय करू?

उत्तर: मॅडम, पहिले काही दिवस कॉम्प्युटरला हातच लावू देऊ नका. सॉफ्टवेअर उघडलं की समोर कोरी स्लाइड येते, 'शीर्षक लिहा' म्हणते, खाली मुद्द्यांची चौकट, आणि रिकामी चौकट दिसली की ती भरायचीच असते असं मुलांना वाटतं (मोठ्यांनाही वाटतं, ऑफिसातल्या मीटिंगा आठवा). मग भरायला काय, तर नेट आहेच. त्यापेक्षा एक कागद घ्या, घड्या घालून सहा चौकोन पाडा, प्रत्येक चौकोनात एकच पूर्ण वाक्य लिहायला सांगा. पूर्ण वाक्य हे महत्त्वाचं. 'उष्णतेचे शोषण' असं शीर्षक दिलं की खाली पॅरेग्राफ येणारच, पण 'उन्हात काळ्या कापडाखालचा बर्फ पांढऱ्या कापडाखालच्यापेक्षा आधी वितळला' असं लिहिलं की खाली काय लागतं? दोन बशांचा फोटो आणि वेळेचा छोटा तक्ता, बस. हे वाक्य कॉपी करता येत नाही कारण बर्फ त्यांनी ठेवलेला असतो.

बाकी जे सांगायचंय ते स्लाइडखालच्या नोट्समध्ये जाऊ दे. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडलं आणि प्रेझेंटर व्ह्यू चालू असला की नोट्स फक्त बोलणाऱ्याला दिसतात, वर्गाला नुसती स्लाइड. बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्टर 'डुप्लिकेट'वर, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, असा असतो म्हणून ही सोय कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि वाचून दाखवणं कंटाळवाणं का होतं माहितीये, डोळे तोंडापेक्षा भरभर वाचतात, मुलगा दुसऱ्या ओळीवर असतो तोवर वर्गाचं वाचून संपलेलं असतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, चित्र दाखवत बोललं तर जास्त समजतं, त्यावर पुन्हा तेच शब्द छापले की उलट अडचण होते.

अजून एक गंमत, शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड परत. मुलांना हे फार आवडतं. प्रयोगाचं सामान हातात घेऊन दाखवायचं असेल तेव्हा पडदा बंद करायला शिकवा, सगळ्या माना आपोआप मुलाकडे वळतात.

प्रश्न: घरून करून आणलेली पीपीटी शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीचं भलतंच काहीतरी होतं, कधी चौकोन, कधी इंग्रजी अक्षरांचा कचरा. व्हिडिओ तर चालतच नाही. मुलं रडकुंडीला येतात.

उत्तर: यात दोन वेगळे आजार आहेत. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलाय, म्हणजे फाईलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. तो फाँट शाळेत नाही, मुखवटा गळून पडला. उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे ज्यात मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले कोड असतात त्या पद्धतीत. मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी, यातलं काहीही चालेल. चौकोन दिसत असतील तर बहुतेक वेळा त्या मशीनवर देवनागरीचा फाँटच नसतो. पॉवरपॉइंटमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह असं जाऊन फाँट फाईलमध्येच बसवायची सोय आहे, पण सगळे फाँट तशी परवानगी देत नाहीत, म्हणून सोबत एक पीडीएफ ठेवाच. पीडीएफमध्ये अॅनिमेशन जातं, पण अक्षरं जागची हलत नाहीत.

व्हिडिओचं असं की 2010च्या आधीच्या पॉवरपॉइंटमध्ये तो फाईलमध्ये येतच नव्हता, नुसता पत्ता यायचा. आताही कुणी लिंक म्हणून जोडला तर तेच होतं. पेनड्राइव्हवर व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये वेगळा ठेवा, म्हणजे काहीच नाही चाललं तर तो थेट उघडता येईल. आणि घरी लिबर ऑफिसचं इम्प्रेस (पॉवरपॉइंटसारखंच, पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर), शाळेत पॉवरपॉइंट असा प्रकार असेल तर फाईल उघडते, पण ओळी सरकतात. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या मशीनवर एकदा उघडून बघायचं, हा खरा उपाय.

प्रश्न: वर्गात 40 मुलं, पाचपाचचे गट. प्रत्येक गटात एकच जण सगळं करतो, बाकीचे 'थँक यू'च्या स्लाइडला उभे राहतात. आणि वेळ कुठे पुरतो?

उत्तर: सर, आधी वेळेचं. पेचाकुचा नावाचा एक प्रकार आहे, टोकियोत 2003 साली दोन आर्किटेक्टांनी सुरू केला, 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, स्लाइड आपोआप पुढे सरकते. म्हणजे माणशी 6 मिनिटं 40 सेकंद, 40 मुलांना साडेचार तास लागतील, तेव्हा तसंच्या तसं नको. पण गटाला 6 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद दिले की 2 मिनिटांत गट मोकळा. त्यावर 3 मिनिटं प्रश्न. आठ गटांची 40 मिनिटं झाली, शाळेची एक तासिका कशीबशी पुरेल, फक्त सगळ्या गटांच्या स्लाइड आधीच एका फाईलमध्ये जोडून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ पेनड्राइव्ह काढघाल करण्यातच जातो. ट्रान्झिशन्सच्या टॅबमध्ये 'आफ्टर'समोर 20 सेकंद टाकायचे आणि 'ऑन माऊस क्लिक'ची खूण काढायची, की झालं.

आता काम कुणी केलं. गूगल स्लाइड्सवर केलं तर व्हर्जन हिस्टरीत दिसतं कुणी काय बदललं ते, पण मला स्वतःला ते पोलिसी वाटतं आणि एकाच्या मोबाईलवरून तिघांनी केलं तर काहीच कळत नाही. मी चिठ्ठ्या टाकते. कोण कुठली स्लाइड बोलणार हे तिथेच ठरतं आणि निम्मे मार्क प्रश्नांच्या उत्तरांना. पहिल्यांदा गोंधळ होतो, पोरं चिडतात, दुसऱ्या वेळी पाचही जण तयारी करून येतात.

प्रश्न: मी नववीत आहे. सगळे म्हणतात स्लाइड वाचून दाखवू नको, पण समोर उभं राहिलं की माझे हात थरथरतात आणि काहीच आठवत नाही. वाचलं की बरं वाटतं. फिरत्या अक्षरांचं अॅनिमेशन टाकलं तर लोक माझ्याकडे बघणार नाहीत ना?

उत्तर: नाही गं, अक्षरं फिरली की ती थांबेपर्यंत तुला गप्प उभं राहावं लागतं, ते जास्त वाईट. पहिलं वाक्य तेवढं घोकून पाठ कर, फक्त पहिलं. पहिली स्लाइड नुसता फोटो ठेव, ज्यात बोट दाखवण्यासारखं काहीतरी आहे, हाताला काम मिळालं की थरथर लपते. हातात छोटं कार्ड ठेव, सहा स्लाइडचे सहा शब्द, मोठ्या अक्षरात. आणि माऊस मैत्रिणीकडे दे, तू नुसती मान हलवायचीस, ती पुढची स्लाइड लावेल.