टाकीत पाण्यावानी, शेगडीवर गॅस, हे कसं?

प्रश्न: सर, आम्ही उदगीरकडचे. गॅसची टाकी हलवली की आत पाण्यावानी डचमळतंय, पण शेगडीला तर गॅसच यायलाय, मग आत त्याला तापवायलंय कोण? आन् हिवाळ्यात संपत आलेली टाकी आमची शेजारीण उकळत्या पाण्यात ठेवती, ज्योत मोठी होती म्हणती, ते बरोबर आहे का?

उत्तर: ताई, आधी शेजारणीला थांबवा, मग बाकीचं वाचा.

टाकीत पाणी नाही, द्रव झालेला प्रोपेन-ब्युटेन आहे. कुठल्याही द्रवातून कण सुटून वाफ होत राहते, बंद जागेत त्या वाफेचा जो दाब साठतो तो बाष्पदाब, आणि तापमान वाढलं की तो वाढतो. बाहेरचा दाब याच्यापेक्षा जास्त असला की द्रव गुमान बसतो, बाष्पदाब त्याच्या बरोबरीला आला की उकळतो. पाण्याचा बाष्पदाब 30 अंशाला जेमतेम 32 मिलिमीटर पारा (हे दाबाचं माप) आणि हवेचा दाब 760, म्हणून रांजणातलं पाणी शांत. प्रोपेन मात्र उघड्यावर उणे 42 अंशालाच उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासं खाली, मग आपल्या मराठवाड्याच्या उन्हात तो द्रव कसा राहील? टाकीत राहतो कारण वर कोंडलेली त्याचीच वाफ त्याला दाबून धरते, 25 अंशाला नुसता प्रोपेन असला तर हवेच्या 9 पटीहून जास्त, नुसता ब्युटेन तर अडीच पटीच्या आसपास, आपलं मिश्रण मधे कुठंतरी. तुम्ही बटण फिरवलं, थोडी वाफ गेली, दाब उतरला की खालचा द्रव लगेच उकळून ती जागा भरतो, आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीच्या पत्र्यातून भोवतालच्या हवेची घेतो. लग्नाच्या पंगतीला भट्टी तासन्‌तास चालली की टाकीला दव सुटतं, कधी बर्फ धरतो, ते यामुळंच.

आता ज्योतीचं. मिश्रणातला प्रोपेन आधी जास्त निघून जातो, शेवटाला ब्युटेन उरतो, आणि परभणीसारखा पारा 5 अंशावर आला तर ब्युटेनचा दाब हवेपेक्षा थोडाच जास्त असतो, मग ज्योत मंद होणारच. उकळत्या पाण्यानं दाब वाढतो हे खरं, पण किती वाढेल ते आपल्या हातात राहत नाही, द्रवही फुगतो. त्यापेक्षा दुसरी टाकी जोडा. आणि आडवी-उलटी तर करूच नका, वाफेऐवजी द्रवच नळीत उतरतो, आणि एक लिटर द्रवाचा बाहेर सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो.