सतत हरणाऱ्या एनबीए बास्केटबॉल संघाने आपल्या वयस्कर स्टारला ट्रेड करावं का?

करावं, म्हणजे त्याला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात काहीतरी घ्यावं. आणि ज्या दिवशी सगळ्यांना पटेल की आता करायला हवं, त्याच्या एक वर्ष आधी करावं. सगळ्यांना पटेपर्यंत समोरच्या संघाच्या जनरल मॅनेजरलाही ते पटलेलं असतं, मग हाती काही लागत नाही.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ज्याने संघाला नाव मिळवून दिलं त्याला असं बाहेर काढणं बरोबर आहे का. अगदी हेच मी 2013 पासून आमच्या दादाकडून ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

दादा लॉस एंजेलिस लेकर्सवाला, मी बॉस्टन सेल्टिक्सवाली. घरात याहून वाईट काय असणार! 2013 च्या जूनमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या, रात्री बातमी आली की सेल्टिक्सचे पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट ब्रुकलिन नेट्सकडे चालले. पिअर्स 35 वर्षांचा, गार्नेट 37 चा. पिअर्सने तोवरचे सगळे 15 सीझन बॉस्टनसाठी काढले होते, आणि 2008 चं अजिंक्यपद या दोघांशिवाय शक्यच नव्हतं. बदल्यात मिळाले नेट्सचे 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायची पाळी; संघ जितका हरतो तितकी ती साधारणपणे लवकर येते), शिवाय 2017 मध्ये नेट्सशी पिक बदलून घ्यायचा हक्क. सोबत आलेले खेळाडू बहुतेक दोन्हीकडचे पगार जुळवण्यापुरतेच. दादा म्हणाला, ‘‘थकले की वृद्धाश्रमात टाकणारी माणसं तुम्ही.’’ मी पिकचा हिशेब सांगायला गेले, तर म्हणे तू बस आकडेमोड करत, खेळ तुला कळत नाही.

पाच महिन्यांनी लेकर्सने कोबी ब्रायंटशी नवा करार केला. दोन वर्षं, 4 कोटी 85 लाख डॉलर. अकिलीसचं टेंडन फाटल्यापासून तो तेव्हा एकही सामना खेळलेला नव्हता! दादाच्या मते याला म्हणतात जाण ठेवणं. माझ्या मते याला म्हणतात तिकीटविक्री. 2014-15 मध्ये संघाच्या एकूण पगाराची कॅप (मर्यादा) साधारण 6.3 कोटी, त्यातले 2.35 कोटी एका माणसाला, आणि तो खेळला 35 सामने. उरलेल्या पैशांत काय संघ उभा राहणार?

पहिल्या सीझनला दादाला बोलायला जागा होती, हे खरं. सेल्टिक्सने 25 सामने जिंकले आणि लेकर्सने 27. ते दोन जादा विजय त्याने वर्षभर पुरवले. पुढे लेकर्स 21 वर आले, मग 17 वर. तोवर सेल्टिक्स 40 वरून 48 वर गेले होते. ट्रेडची खरी गंमत इथेच आहे: आमच्या वाट्याचं हरणं नेट्स हरत होते. मी तर पहाटे उठून आधी नेट्सचा निकाल बघायचे, ते हरले की माझा दिवस छान जायचा. 2016 च्या त्यांच्या पिकवर तिसऱ्या क्रमांकाला जेलन ब्राउन आला. 2017 मध्ये नेट्स लीगमध्ये तळाला, त्यामुळे अदलाबदलीत पहिलाच पिक आमच्याकडे. तो फिलाडेल्फियाला देऊन सेल्टिक्स तिसऱ्या क्रमांकावर उतरले, वर आणखी एक पिक घेतला आणि जेसन टेटमला उचललं. 2024 ला अजिंक्यपद, फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ब्राउन.

ब्रायंटच्या शेवटच्या सामन्याचा दाखला दादा अजून देतो. एप्रिल 2016, युटाविरुद्ध 60 गुण. दादा रडत होता, मलाही भरून आलं. पण त्यासाठी 50 शॉट घेतले होते, आणि तो सामना जिंकूनही सीझन संपला 17-65 वर. त्या एका रात्रीसाठी तीन सीझन द्यायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी नाही देणार.

राहिला मानाचा प्रश्न. जानेवारी 2014 मध्ये पिअर्स आणि गार्नेट नेट्सच्या जर्सीत बॉस्टनला आले तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. पुढे पिअर्सचा 34 आणि गार्नेटचा 5, दोन्ही नंबर बॉस्टननेच निवृत्त केले. कुठे गेला अपमान? प्रेक्षक विसरत नाहीत. दुखावतात ते चाहते, आणि ते ‘खेळाडूचा अपमान’ म्हणून स्वतःचंच दुःख सांगत असतात.

आता तुमच्या संघाबद्दल. ट्रेड करा म्हणजे कसाही करा असं नाही. न्यूयॉर्क निक्सने 2000 मध्ये आपल्या वयस्कर स्टारला, पॅट्रिक युइंगला, सिअ‍ॅटलला पाठवलं आणि बदल्यात ग्लेन राइस, ल्यूक लाँगली असे उतरतीला लागलेले खेळाडू लांबलचक करारांसकट घेतले. युइंगचा करार पुढच्याच वर्षी संपणार होता. नुसते थांबले असते तरी पगार मोकळा झाला असता! त्यानंतर प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) एक मालिका जिंकायला त्यांना 2013 उजाडलं. म्हणजे पिक किंवा तरुण खेळाडू मिळत असतील तरच, नाहीतर करार संपू द्या. खेळाडूकडे नो-ट्रेड क्लॉज असेल तर त्याच्या मनाविरुद्ध काही होत नाही. गार्नेटकडे होता, त्याने होकार दिला म्हणून जमलं. शिवाय नेट्ससारखा उतावळा मालक दर वेळी भेटत नाही, आणि 2023 च्या नियमांनंतर सेकंड एप्रनच्या, म्हणजे एकूण पगाराच्या एका ठरावीक वरच्या मर्यादेच्या, वर असलेल्या संघाला दोन पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेताही येत नाही. त्यामुळे गिऱ्हाईकं कमी झालीत.

डर्क नोव्हित्स्कीचं उदाहरण कोणीतरी देईलच. तो 21 सीझन डॅलसमध्येच राहिला, पण 2014 ला त्याने तीन वर्षांसाठी साधारण अडीच कोटी डॉलरच घेतले. तुमचा स्टार एवढा पगार सोडणार असेल तर ठेवा खुशाल.

दादा म्हणेल, लेकर्सने 2020 मध्ये, म्हणजे सेल्टिक्सच्या चार वर्षं आधी जिंकलं. जिंकलं ना. लेब्रॉन जेम्स स्वतःहून लॉस एंजेलिसला आला, आणि हरून हरून मिळालेले दुसऱ्या क्रमांकाचे पिक, म्हणजे ब्रँडन इंग्रम आणि लाँझो बॉल हे खेळाडू, देऊन अँथनी डेव्हिस आणला. तुमचा संघ लॉस एंजेलिसमध्ये नसेल तर या वाटेने जाऊ नका. आणि दादा, तू हे वाचत असशील तर त्या ट्रॉफीत 4 कोटी 85 लाखांचा वाटा नेमका कुठे होता, ते खाली लिही.