एकच खेळाडू उरला, आता?

प्रश्न : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकतात, असा खेळ) खेळणारे आम्ही पाच जण होतो. तिघे नोकरीसाठी पुण्याला गेले. आता खेळ चालवणारा मी आणि खेळाडू एकटी मावसबहीण. डाव बंद करू का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : बंद कशाला? मीही चोपड्याच्या गच्चीवर एकट्या पुतण्याला घेऊनच सुरुवात केली होती. हौसेने चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, सोडले आणि त्याचा योद्धा दुसऱ्याच फेरीत आडवा! पोरगं भरीत-भाकरीला हात न लावता झोपलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

चूक हिशेबाची होती. एका फेरीत त्याची पाळी एक, त्यांच्या चार. वीस बाजूंचा फासा त्यांच्यासाठी चौपट वेळा पडतो. म्हणून शत्रू एक, फार तर दोन ठेवा, आणि तेही सौदा करणारे, घाबरून पळणारे. मार खाऊन पात्राची ताकद शून्यावर आली तर त्याला उचलायला सोबती नसतो, तेव्हा मारण्याऐवजी कैद करा. सुटकेतून पुढचा डाव आयताच मिळतो.

2019 च्या नवशिक्यांच्या संचात एकट्या खेळाडूसाठी ‘साइडकिक’चे, म्हणजे मदतनीस सोबत्याचे, सोपे नियम आहेत. तो सोबती बहिणीच्याच हाती द्या. तुम्ही चालवलात तर तुम्हीच तुमच्याशी बोलत बसाल, मी बसलोय.

पुतण्याचा सोबती म्हणजे केळीचे घड वाहणारा हमाल. तलवार येत नाही, पण थाळनेरसारख्या नदीकाठच्या किल्ल्यातून त्याने योद्ध्याला खांद्यावर टाकून बाहेर काढलं. त्या रात्री भरीत उरलं नाही.